माघातील भाजी आषाढाच्या हंडीत

सलगम व इतर परसभाज्यांची लागवड आणि साठवण : ग्रामीण मंडळ्यांकरिता एक पाठ

शास्त्रपाठ : उत्पत्ती ४१:४६-५७, यशया २८:२३-२९, योहान ६:१-१३, प्रेषितांची कृत्ये ११:२७-३०. उपदेशकांनी हे चार भाग सभेत आधी वाचून दाखवावेत व मग पुढील पाठ सांगावा.



आपल्या नंदुरबार जिल्ह्यात एकाच घरास वर्षातून दोन वेगळी तोंडे पाहावी लागतात. पौष-माघात नवापूर, शहादे, तळोदे येथील बाजारी मुळा, गाजर, मेथी, कोबी यांचे ढीग पडतात. भाव इतका उतरतो की, विकणारा उरलेली भाजी घरी परत नेण्याचे कष्टही घेत नाही; ती गुरांपुढे टाकतो. त्यानंतर पाच महिन्यांनी ज्येष्ठ-आषाढ येतो. कणगीतील ज्वारी-मका तळास लागलेला असतो, नवीन पीक अद्याप शेतात कोवळे असते, आणि अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील पाड्यांवर भाकरीबरोबर मिरची-मिठाखेरीज काही मिळणे कठीण होते. घर तेच, चूल तीच, मूलही तेच. परंतु माघात ज्याचे पोट भरलेले होते ते मूल आषाढात सुकलेले दिसते. कुपोषणाविषयी बोलताना आपल्या जिल्ह्याचे नाव पुनःपुन्हा घेतले जाते, हे तुम्हांस ठाऊक आहे. त्या दुःखाची कारणे पुष्कळ आहेत व ती सर्व एका वाफ्याने नाहीशी होणार नाहीत. तथापि त्यांपैकी एक कारण असे आहे की, विपुलतेच्या महिन्यांत जे देव देतो ते टंचाईच्या महिन्यांपर्यंत पोहोचविण्याची सोय आपण करीत नाही. त्या सोयीचाच आज विचार करू.

१. ही विद्या तुमच्या हाती आधीच आहे

भाजी वाळवून ठेवणे म्हणजे काही परक्यांची नवी कला होय, असे कोणी समजू नये. नंदुरबार शहराबाहेर हिवाळ्यात लाल मिरची मैदानावर पसरलेली असते. त्या पथारीवर काम करणाऱ्या कित्येक भगिनी आपल्याच पाड्यांवरील आहेत. अक्राणी तालुक्यात उन्हाळ्याच्या आरंभी कच्च्या आंब्याच्या फोडी करून, त्या वाळवून आमचूर करितात. मोहाची फुले पहाटे वेचून अंगणात वाळत घालणे तर सातपुड्यातील लहान मुलासही शिकवावे लागत नाही. ऊन किती द्यावे, दव कसे टाळावे, माल केव्हा वाळला हे हाताने कसे ओळखावे, हे सर्व आपल्या आयाबहिणींस येते.

परंतु विचार करा : मिरची वाळते ती व्यापाऱ्याकरिता, आमचूर जाते ते बहुतेक बाजारी. आपल्या स्वतःच्या हंडीकरिता, स्वतःच्या मुलांकरिता आपण त्या विद्येचा किती उपयोग करितो? जे हात दुसऱ्याची मिरची इतक्या कुशलतेने वाळवितात, त्यांनी सलगमाच्या चकत्या व मुळ्याची पाने घरासाठी वाळविली, तर आषाढातील हंडी रिकामी राहणार नाही. एवढेच या पाठाचे सार आहे. बाकीचे सर्व त्याची रीत होय.

२. योसेफाने काय केले

मिसर देशात सात वर्षे भरपूर पीक आले, तेव्हा लोकांस पुढील दुष्काळाची कल्पनाही नव्हती. योसेफाने पिकाचा पाचवा हिस्सा राखून ठेवण्याची योजना केली. शास्त्रात आणखी एक बारीक गोष्ट लिहिली आहे, तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते : प्रत्येक नगराभोवतालच्या शेतांतील अन्न त्याने त्याच नगरात साठविले. जेथे पिकले तेथेच ते राहिले, म्हणून दुष्काळ आला तेव्हा ते हाताशी होते. आपण मात्र माघातील सारे बाजारी पाठवितो आणि आषाढात तेच बाजारातून चौपट भावाने आणू पाहतो.

इ. स. १८९९-१९०० सालचा दुष्काळ खानदेश व गुजरात या दोन्ही प्रांतांवर फार कठीण गेला. विक्रम संवत १९५६ मध्ये तो पडला म्हणून गुजरातेत वृद्ध लोक त्याला छप्पनिया म्हणत आले. आज रेशनाचे धान्य मिळते, रस्ते झाले आहेत, तसला दुष्काळ पुन्हा पडण्याचे भय पुष्कळ कमी झाले आहे. परंतु रेशनाच्या दुकानी तांदूळ-गहू मिळतो. भाजी मिळत नाही. आणि मुलाचे शरीर केवळ धान्यावर वाढत नाही.

३. सलगम : ओळख

सलगम (कोणी शलगम म्हणतात) हे मुळ्याच्या व मोहरीच्या कुळातील कंदाचे झाड आहे. कंद वाटोळा, पांढरा किंवा वरून जांभळा असतो. आपल्याकडे त्याचा प्रचार थोडा आहे, म्हणून पुष्कळ जण त्याकडे पाहत नाहीत. परंतु ते थंडीचे पीक असून पेरल्यापासून पन्नास-साठ दिवसांत खाण्यास येते, थोड्या जागेत पुष्कळ पिकते, आणि त्याचा कोणताही भाग वाया जात नाही.

साठवण होते म्हणूनच या कंदाने जगात नाव मिळविले. अठराव्या शतकात इंग्लंडातील नॉरफोक परगण्यात चार्ल्स टाउनशेंड नावाच्या उमरावाने, राजकारण सोडून इ. स. १७३० मध्ये घरी परतल्यावर, गहू, सलगम, सातू व क्लोव्हर गवत अशी पिकांची फेरपालट करण्याचा पुरस्कार केला. सलगमामुळे हिवाळ्यात गुरांस चारा मिळू लागला, गुरांमुळे खत मिळाले व खतामुळे गहू वाढला. लोक त्या उमरावास थट्टेने 'सलगम टाउनशेंड' म्हणू लागले. पण थट्टा विरली आणि पीक राहिले. आपल्याच देशात काश्मीरचे लोक सलगमाच्या चकत्या दोऱ्यांत ओवून, माळा करून घराबाहेर टांगतात व वाळवितात. बर्फ पडून वाटा बंद झाल्या म्हणजे त्याच चकत्यांची भाजी करितात. त्यांची टंचाई बर्फाची, आपली पहिल्या पावसाची. उपाय मात्र एकच.

४. लागवड कशी करावी

वेळ. दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, पेरणी करावी. सर्व बी एकदम पेरू नये. दर बारा-पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरावे, म्हणजे कंद क्रमाक्रमाने तयार होतील. उन्हाळ्याच्या तोंडी केलेली पेरणी फुकट जाते. उष्णतेने कंद तिखट व दोरट होतो.

जमीन. तापीकाठच्या काळ्या जमिनीत कंद वेडेवाकडे होतात, कारण ती चिकट असून वाळल्यावर आवळते. तेथे वीतभर उंच गादीवाफा करून त्यात नदीची वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. सातपुड्यातील हलक्या, मुरमाड जमिनीत दगड वेचून काढावेत व खत अधिक घालावे, म्हणजे ओल टिकेल. ताजे शेण कधीही घालू नये; त्याने कंदास फाटे फुटतात व केसासारखी मुळे सुटतात. एका गुंठ्यास दोनशे ते अडीचशे किलो कुजलेले शेणखत पुरे होते.

वाफा. एका कुटुंबास आरंभी एक मीटर रुंद व पाच मीटर लांब असे दोन वाफे पुरेत. रुंदी याहून अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो व वाफा तुडविला जात नाही. दोन्ही वाफ्यांस मिळून चार ग्रॅम, म्हणजे चहाचा लहान चमचाभर, बी लागते. बारीक बी सारखे पडावे म्हणून त्यात चौपट बारीक वाळू मिसळावी. ओळींमध्ये एक फुटाचे अंतर ठेवून, बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल पेरावे व हलके पाणी द्यावे. चार ते सात दिवसांत कोंब वर येतात.

विरळणी. हे काम टाळण्याकडे सर्वांचा कल असतो, परंतु सर्व पीक यावरच अवलंबून आहे. रोपास तीन-चार पाने आली की दोन रोपांत चार ते सहा बोटांचे अंतर राहील अशी मधली रोपे उपटावीत. उपटलेली रोपे फेकू नयेत. ती त्याच दिवशीची कोवळी भाजी होय. दाट ठेवलेल्या वाफ्यात पाने पुष्कळ दिसतात, पण खाली कंद धरत नाही.

पाणी. दर पाच-सात दिवसांनी, हलक्या जमिनीस चार दिवसांनी, पाणी द्यावे. एकदा कोरडे पाडून मग एकदम पुष्कळ पाणी दिल्याने कंद तडकतात. भांडी विसळलेले पाणी वाफ्यास चालते. परंतु साबण-सोड्याचे पाणी शेवगा, केळ किंवा पपई यांच्या बुडाशी सोडावे, पालेभाजीवर नको.

कीड. मावा व पाने कुरतडणारी काळी अळी यांचा उपद्रव होतो. सकाळी दव असताना पानांवर चाळलेली राख धुरळावी. अधिक असल्यास वाळलेल्या निंबोळ्या कुटून, एक लिटर पाण्यास पन्नास ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवून, सकाळी गाळून, त्यात किंचित साबण विरघळवून फवारावे. खाण्याच्या भाजीवर बाजारातील विषारी औषधे कोणाच्या ऐकीव सांगण्यावरून मारू नयेत.

काढणी. कंद लहान लिंबाहून मोठा व मुठीहून लहान असतानाच काढावा. मोठा होईल म्हणून वाट पाहणारा शेवटी आतून पोकळ व भेंडासारखा कंद काढतो. चांगली निगा राखिल्यास दोन्ही वाफ्यांतून पंधरा-वीस किलो कंद व त्याशिवाय पाला मिळतो.

बियाणे. पुसा चंद्रिमा, पुसा स्वर्णिमा, पर्पल टॉप व्हाइट ग्लोब या जाती प्रसिद्ध आहेत. परंतु ध्यानात ठेवावे की, विलायती वळणाच्या जातींस बी धरण्यास कडक थंडी लागते. मैदानी प्रदेशात त्यांचे बी होत नाही, ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. उलट देशी मुळा व देशी लाल गाजर यांचे बी आपल्याकडे होते. त्यांची चार-सहा उत्तम झाडे राखून, बी धरून, राखेत मिसळून बाटलीत ठेवावे. जातींविषयी शंका असल्यास नंदुरबारजवळील कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा गावच्या कृषी सहायकाकडे विचारावे. विचारण्यास पैसे पडत नाहीत.

यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात संदेष्टा शेतकऱ्याकडे बोट दाखवितो : तो सदा नांगरीतच बसत नाही, प्रत्येक बियाण्यास त्याची जागा देतो, प्रत्येक धान्य त्याच्या त्याच्या रीतीने मळतो, आणि ही समज त्याला देवापासून मिळालेली आहे. म्हणून अंतर मोजून पेरणे, वेळेवर विरळणी करणे, यास हलके काम समजू नये. हेही देवाने शिकविलेलेच आहे.

५. पाने फेकू नका

आपल्या प्रभूने पाच हजारांस जेवू घातल्यावर काय आज्ञा केली, ते योहानाच्या सहाव्या अध्यायात पाहा. ज्याने पाच भाकरी इतक्या वाढविल्या, त्याला उरलेल्या तुकड्यांची काय गरज होती? तरी त्याने काहीही वाया न जाऊ देण्यास सांगितले व शिष्यांनी बारा टोपल्या भरल्या.

सलगम, मुळा, बीट व नवलकोल यांचा पाला म्हणजे आपल्या टोपलीतील ते तुकडे होत. सलगमाच्या कंदात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. त्याच्या पाल्यात मात्र हाडांस लागणारा चुना, डोळ्यांस जपणारे जीवनसत्त्व व रक्तास उपयोगी लोह हे कंदापेक्षा कितीतरी अधिक असतात. आपण कंद खातो व पाला बोकडास टाकतो; याप्रमाणे उत्तम भाग बोकडाचा होतो. कोवळा पाला बारीक चिरून डाळीत शिजवावा; वर लिंबू पिळल्यास त्यातील लोह शरीरास अधिक लागू पडते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकल सेल हा रक्ताचा आजार आढळतो. तो जन्मतः येतो. भाजीने तो बरा होत नाही. ज्यांच्या घरी असा रोगी असेल त्यांनी दवाखान्याचा उपचार कधीही सोडू नये. भाजी ही अन्न आहे, औषध नव्हे. परंतु अन्नाविना औषधही नीट चालत नाही.

६. साठवण

साठवणीच्या तीन रीती सांगतो. पहिली काही आठवड्यांची, बाकीच्या काही महिन्यांच्या.

पहिली रीत : ताजे ठेवणे. कंद काढल्याबरोबर पाला दोन बोटे देठ राखून कापावा, कारण पाला राहिल्यास तो कंदातील ओल ओढून घेतो. कंद धुऊ नयेत, माती झटकावी. तुटलेले, किडलेले वेगळे काढून आधी खावेत. एक सडका कंद साऱ्या टोपलीस नासवितो. मग घराच्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीत किंवा माठात किंचित ओलसर वाळूचा थर, त्यावर कंदाचा थर, असे रचावे. थंडी आहे तोवर सलगम, गाजर, बीट अशा रीतीने दोन-तीन आठवडे चांगले राहतात. तोरणमाळासारख्या उंच व थंड जागी आणखीही टिकतात. चैत्राची उष्णता लागली की ही रीत पुरत नाही.

यापेक्षा चांगली सोय मंडळीने मिळून करता येते. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात विजेवाचून चालणारा शीतकक्ष तयार केला. सावलीत विटांचा तळ घालून त्यावर विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत दुसरी, सुमारे गुडघ्याहून थोड्या उंच रचितात. दोन भिंतींमध्ये साडेसात सेंटिमीटर जागा ठेवून ती वाळूने भरितात व सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी शिंपडितात; वर ओल्या गोणपाटाचे झाकण ठेवितात. पाणी उडून जाताना आतील हवा गार करते. माठातील पाणी गार होते तोच हा नियम. त्यात भाजी बाहेरच्यापेक्षा साधारण दुप्पट दिवस टिकते.

दुसरी रीत : वाळविणे. कंद धुऊन, सोलून, रुपयाच्या नाण्याच्या दुप्पट जाडीच्या चकत्या कराव्यात. त्या फडक्यात बांधून उकळत्या, किंचित मीठ घातलेल्या पाण्यात तीन-चार मिनिटे बुडवाव्यात व निथळाव्यात. हे केल्याने रंग व रुची टिकते आणि कीड कमी लागते. मग जमिनीवर न पसरता, उंच खाटेवर किंवा बांबूच्या तट्ट्यावर पसरून वर पातळ धुतलेले फडके घालावे, म्हणजे माशी व धूळ बसणार नाही. रात्री दवाआधी आत घ्यावे. दोन ते चार उन्हांत चकती कडक होते. वाकविली असता मोडली की वाळली असे समजावे.

पाला मात्र उन्हात वाळवू नये. कडक उन्हाने त्यातील डोळ्यांस उपयोगी सत्त्व नाश पावते. तो धुऊन, मिनिट-दोन मिनिटे वाफवून, छपराखाली सावलीत वाऱ्यावर वाळवावा. चुरचुरीत झाला की हाताने चोळून त्याची भुकटी करावी. आषाढात दोन चमचे भुकटी डाळीत, पेजेत किंवा भाकरीच्या पिठात घातली, तर दात न आलेल्या लेकरापासून दात पडलेल्या आजीपर्यंत सर्वांस ती खाता येते.

वाळलेला माल थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत भरावा. आठ दिवसांनी उघडून पाहावा. ओल वाटली तर पुन्हा एक ऊन द्यावे. पावसाळ्यात एकाच मोठ्या डब्यापेक्षा चार लहान डबे बरे, म्हणजे रोज सर्व मालास दमट हवा लागत नाही. बुरशी दिसली किंवा कुबट वास आला, तर तो डबा मोह न धरता खड्ड्यात पुरावा. बुरशीचे विष शिजविल्यानेही जात नाही. दहा किलो कंदांची वाळल्यावर किलोभरही चकती होत नाही, यावरून कोणी निराश होऊ नये. गेले ते बहुतेक पाणी आहे.

तिसरी रीत : आंबविणे. नेपाळात मुळा, मोहरी वगैरेंचा पाला सुकट करून, मडक्यात दाबून भरून, आठवडाभर आंबवितात व नंतर उन्हात वाळवून ठेवितात. त्यास गुंद्रुक म्हणतात व त्याचे आंबट कालवण होते. आपल्याकडे सलगम-गाजराच्या फोडींस मीठ, मोहरी व हळद लावून लोणचे घालता येते. मडके स्वच्छ, हात कोरडे व मीठ भरपूर असावे. मात्र लोणचे हे तोंडी लावणे आहे, त्यास भाजीची जागा देऊ नये.

७. सलगमाचे सोबती

मुळा चाळीस-पन्नास दिवसांत येतो. त्याच्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या, यांचीही भाजी होते. गाजरास खोल, भुसभुशीत माती हवी. त्याच्याही चकत्या वाळवाव्यात, परंतु सावलीत. नवलकोल व कोबी यांची रोपे आधी करून चार-पाच आठवड्यांनी लावावी लागतात. या कुळातील भाज्या रोज खाणाऱ्यांनी त्या शिजवून खाव्यात व घरात आयोडीनयुक्त मीठच वापरावे. लाल भोपळा, ज्यास कोणी डांगर व कोणी गंगाफळ म्हणतात, पूर्ण पिकवून, देठ राखून काढावा. आठ-दहा दिवस उन्हात ठेवून मग छपरास टांगावा. साल न दुखविता ठेवलेला भोपळा दोन-तीन महिने टिकतो. आणि प्रत्येक अंगणात शेवग्याचे एक झाड असावेच. उन्हाळ्यातही त्याचा पाला मिळतो व तो सलगमाच्या पाल्याप्रमाणेच सावलीत वाळविता येतो.

८. जे ऊसतोडीस जातात त्यांचे काय?

येथे पुष्कळ जण म्हणतील : "हे सर्व खरे, पण आम्ही दिवाळी झाली की सुरत-बारडोलीकडे ऊस तोडावयास जातो. ज्या महिन्यांत सलगम पेरावयाचे, त्याच महिन्यांत आमच्या दारास कडी असते." ही अडचण खरी आहे आणि उपदेशकाने तिला उडवून लावू नये. घर सोडून जाणाऱ्यास आळशी म्हणणे हे पाप आहे; तो आपल्या मुलांसाठीच जातो.

परंतु पाड्यावर सर्वच जात नाहीत. वृद्ध माणसे राहतात, काही लहान मुले आजीजवळ राहतात, उपदेशक व शिक्षक राहतात, आणि प्रार्थनामंदिराचे आवार राहते. अंत्युखिया येथील मंडळीने काय केले ते वाचा. क्लौद्य कैसराच्या काळात दुष्काळ पडणार असे कळताच, तो येण्यापूर्वीच, प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बांधवांकरिता मदत नेमिली व ती विश्वासू माणसांच्या हाती पाठविली. पाहा, त्यांनी भुकेची हाक ऐकू येईपर्यंत वाट पाहिली नाही.

तसेच आपणही करावे. मंदिराच्या आवारात, विहीर किंवा हातपंपाजवळ, मंडळीचे चार वाफे असावेत. जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी एक दिवस येऊन माती खणून, खत घालून द्यावे. राहणाऱ्यांनी पाणी द्यावे व वाळवण करावे. परत येणाऱ्या प्रत्येक कुटुंबास, कोणी होळीस येवो, कोणी उन्हाळ्यात येवो, त्यांच्या वाट्याचा डबा मिळावा. त्यात भीक नाही. ज्याने खणले त्याचा तो हिस्सा आहे. ज्या घरी गरोदर स्त्री, अंगावर पिणारे मूल किंवा रोगी असेल त्या घरास हिस्सा थोडा अधिक द्यावा, व ते घर ख्रिस्ती आहे की नाही हे विचारू नये.

सेवकाने कुदळ हाती धरणे कमीपणाचे नाही. श्रीरामपूरचे विल्यम केरी यांनी शास्त्राच्या भाषांतराचा एवढा भार वाहत असतानाही बागेची आवड सोडिली नाही, व इ. स. १८२० मध्ये कृषी व उद्यान यांच्या उन्नतीकरिता कलकत्त्यास एक मंडळ स्थापिले. सॅम हिगिनबॉटम हे इ. स. १९०३ मध्ये हिंदुस्थानात मिशनरी म्हणून आले. लोकांचे दारिद्र्य पाहून त्यांनी शेतकीचे शिक्षण घेतले व इ. स. १९१० मध्ये अलाहाबादेस शेतकीची संस्था उभारली. त्यांस सुवार्ता व नांगर ही एकमेकांची शत्रू वाटली नाहीत.

९. एक शंका

कोणी विचारील : "प्रभूने तर उद्याची चिंता करू नका असे शिकविले, मग साठवण करणे हा अविश्वास नव्हे काय?" त्याने लूकाच्या बाराव्या अध्यायातील धनवान शेतकरी व उत्पत्तीतील योसेफ यांस शेजारी उभे करावे. दोघांनी कोठारे भरली. एकाने म्हटले, हे सर्व माझे, माझ्या जिवाकरिता. त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला. दुसऱ्याने परक्या देशातील लोकांकरिता भरली, आणि ज्या भावांनी त्याला विकले होते तेही त्यातूनच जेवले. कोठार भरल्याने दोष लागत नाही. ते कोणाकरिता उघडते, यावरून देव त्याची पारख करतो. चिंता रात्री झोप घालविते व सकाळी काहीच करीत नाही; विश्वास रात्री निजतो व सकाळी उठून वाफ्यास पाणी घालतो.

म्हणून या वर्षी दसऱ्याला प्रत्येक घराने दोन वाफे व प्रत्येक मंडळीने चार वाफे आखावेत. आषाढात, बाहेर पाऊस कोसळत असता, जेव्हा आई डबा उघडून हंडीत मूठभर पाला टाकील, तेव्हा जेवणाआधीची प्रार्थना नुसत्या सवयीने म्हटली जाणार नाही.

सभेत विचारावयाचे प्रश्न

(१) योसेफाने अन्न कोठे साठविले, व त्यावरून आपण काय शिकावे?
(२) सलगमाचा कोणता भाग अधिक पौष्टिक आहे? आपल्या घरी तो कोण खातो?
(३) चकत्या उन्हात, परंतु पाला व गाजर सावलीत, असे का?
(४) बुरशी आलेला डबा का पुरावा?
(५) आपल्या पाड्यावरून या वर्षी कोणती कुटुंबे ऊसतोडीस जाणार आहेत? त्यांचा वाफा कोण राखील? नावे लिहून घ्यावीत.

प्रार्थनेचा विषय : ज्या मुलांस आषाढात पोटभर मिळत नाही ती मुले, आणि घरापासून दूर उसाच्या फडात असलेली आपली भावंडे.